मिस्त्री काय म्हणतात?

आमच्या अलिबागेत गाडी इंजिनामुळे जात नाही, पत्र्यामुळे जाते. घाटावरच्या माणसांना हे सांगून पटत नाही. पुण्याचा मावसभाऊ दर मे महिन्यात येतो, आमच्या गाडीचं बॉनेट उघडून कान लावतो आणि म्हणतो, "इंजिन एकदम साफ आहे, अजून दहा वर्षं बघायला नको." त्याचं म्हणणं खरं असतं. पण ते इंजिन ज्या पत्र्यावर बसवलंय तो किती दिवस काढणार, हा प्रश्न त्याच्या गावात कुणाला पडत नाही. आमच्याकडे पहिला प्रश्न तोच असतो.

सध्या घरात हाच विषय चालू आहे. आमची छोटी पेट्रोल गाडी २०१० सालची. एमएच ०६, म्हणजे पेणच्या आरटीओतली. खाजगी गाडीची नोंदणी कायद्यानं पंधरा वर्षांची असते. ती डिसेंबर २०२५ मध्ये संपते. नवीन घ्यायची की हीच दुरुस्त करून आणखी पाच वर्षांची नोंदणी करायची, यावर रोज रात्री जेवताना चर्चा होते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हापासून नव्या गाडीच्या बाजूनं बोलणाऱ्यांना जोर चढला आहे. ही चर्चा ऐकताना मला सारखी माझ्या वडिलांची, अण्णांची फियाट आठवते. त्या गाडीबद्दल अशी चर्चा आमच्या घरात वर्षानुवर्षं झालीच नव्हती. आणि जेव्हा झाली, तेव्हा एका वाक्यात संपली.

अण्णा अलिबागच्या कोर्टात वकिली करत. १९८१ च्या जानेवारीत कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला, त्याच वर्षी त्यांनी दादरच्या एका डॉक्टरांकडून जुनी फियाट घेतली. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणत. नवी गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षं मोजावी लागत, त्यामुळे लोक जुनीच शोधत. गिअर स्टिअरिंगला, थंडीत चोक ओढायचा, आणि डिक्कीत स्टेपनीच्या शेजारी पाण्याचा कॅन, प्लग पाना, फॅन बेल्ट आणि जुन्या धोतराचं फडकं. मे महिन्यात कार्लेखिंड चढताना गाडी तापायची. त्या काळी सगळ्यांच्याच तापत. खिंडीच्या माथ्यावर बॉनेट वर करून थांबलेल्या दोन-तीन गाड्या दिसल्या की अण्णा आपली गाडी त्यांच्या मागे लावत आणि खाली उतरून अनोळखी माणसाशी रेडिएटरवर बोलत बसत. आई तेवढ्यात डबा उघडायची.

घरात गाडीचं वय कुणी काढत नसे. दुरुस्ती करायची की नवी घ्यायची, हा प्रश्न पडायला नवी घेण्याची वाट समोर असावी लागते. ती वाट आम्हाला नव्हती. गाडी बिघडली की मिस्त्रींकडे जायची, नीट होऊन परत यायची. एखादा भाग मुंबईहून मागवायचा झाला तर मिस्त्री ओळखीच्या दुकानात निरोप धाडत. मग तो भाग एसटीच्या पार्सलनं, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचमधून कुणाच्या तरी पिशवीत येई. फियाटचा कारखाना कुर्ल्यालाच, त्यामुळे सुटे भाग मिळत. वेळ मात्र लागे. तोवर अण्णा कोर्टात चालत जात, आणि कुणी विचारलं की, "गाडी मिस्त्रींकडे आहे," असं सांगत. घरातलं माणूस माहेरी गेलं आहे असं वाटावं, इतक्या सहज.

मिस्त्रींचं गॅरेज चेंढऱ्याला होतं. पत्र्याची शेड, खाली तेलानं काळी झालेली जमीन, एक खड्डा आणि त्यावर टाकलेल्या दोन फळ्या. पॉइंट घासून गॅप लावणं, कार्बोरेटर उघडून जेट फुंकणं, टायमिंग नुसत्या कानानं जुळवणं ही कामं ते बोलता बोलता करत. पण त्यांची खरी परीक्षा वर्षातून एकदा, गणपतीनंतर पाऊस ओसरला की असे. त्या दिवशी ते इंजिनाकडे बघतही नसत. आधी पायाखालच्या चटया उचलत. मग स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीनं फ्लोअरवर ठोकत पुढून मागे जात. नारळवाला नारळ वाजवून बघतो, तसं. चांगला पत्रा टणकन वाजतो. कुजलेला बद्द आवाज देतो. जिथं बद्द आवाज आला तिथं ड्रायव्हर सुलटा करून टोक दाबत. टोक आत गेलं की "हा तुकडा बदलायला हवा" एवढंच म्हणत. मग दारांच्या खालच्या धारा, चाकांच्या कमानी, बॅटरीचा ट्रे, जॅक लावायची जागा. दारांच्या खाली पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात. त्यात वाळू आणि सुरूची पानं अडकली की पाणी आतच राहतं. ती भोकं ते तारेनं मोकळी करत. शेवटी गाडी खड्ड्यावर घेऊन खालून जळकं ऑइल फासत. तीन दिवस गाडीला वास यायचा आणि आई तिच्यात बसायला तयार नसे.

मला तेव्हा वाटे की हे पावसामुळे चाललंय. खरा शत्रू पाऊस नव्हे, हे पुष्कळ उशिरा कळलं. वरसोलीच्या, किहीमच्या किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा पाण्याचे अगदी बारीक तुषार हवेत उडतात. त्यातलं पाणी सुकतं, मिठाचे कण उरतात आणि वाऱ्याबरोबर गावात येतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. आमच्याकडे पावसाळाभर, आणि एरवीही बऱ्याच रात्री, तशीच हवा असते. म्हणजे पाऊस नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतोच. उलट पाऊस टपावरचं, बॉनेटवरचं मीठ धुऊन तरी नेतो. जिथं पाऊस पोचत नाही, त्या गाडीच्या पोटाखालच्या, दारांच्या आतल्या जागा सर्वांत आधी सडतात. मिस्त्रींना हे कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. पण ते बरोबर त्याच जागी ठोकत.

(आमच्या गावात एक वास्तू मुद्दाम लोखंडाशिवाय बांधलेली आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली. तिच्या बांधकामात पोरबंदरचा दगड, तांबं, पितळ वापरलं. कारण चुंबकाचं होतं, गंजाचं नव्हे. तरी लहानपणी तिच्यावरून जाताना अण्णा म्हणत, "आपली गाडी अशी कुणी बांधून दिली असती तर!")

फियाटला वेगळी चासी नव्हती. सगळा भार बॉडीचा पत्राच उचलायचा. म्हणून पत्रा सडला म्हणजे नुसती शोभा गेली असं नव्हे. गाडीचा कणाच जात असे. दरवर्षी एखादा तुकडा कापून नवा वेल्ड व्हायचा, वर लांबी भरली जायची, रंग लागायचा. चौलच्या दत्ताच्या जत्रेला आम्ही सगळे भरून जायचो तेव्हा मागच्या सीटखाली नवा पत्रा आहे हे मला ठाऊक असे आणि मी मुद्दाम त्यावर पाय आपटून बघत असे.

१९९८ च्या गणपतीनंतर मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे ठोकून पाहिलं. या वेळी ते दाराच्या बिजागरीच्या खांबापाशी बराच वेळ बसले. मग उठून हात पुसत म्हणाले, "वकीलसाहेब, इंजिनला काय झालं नाय. पण हिला आता पैसं लावू नका." अण्णांनी विचारलं, "काहीच होणार नाही?" मिस्त्री म्हणाले, "होईल. मी करून पन देईन. पन पोराबाळांना घेऊन तुम्ही पेणला जाणार, तर मी करणार नाय." संपलं. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही.

ते वाक्य बोलून मिस्त्रींनी स्वतःचं काम सोडलं होतं, हे मला आज जास्त जाणवतं. बॉडी कापून खांब बदलायचा म्हणजे महिन्याभराची मजुरी. अण्णांनी ती दिलीही असती; गाडीवर त्यांचा जीव होता. पण मिस्त्रींना गाडी माहीत होती आणि घरही माहीत होतं. आई पुढच्या सीटवर कुठल्या बाजूला बसते, बहीण सासरी माणगावला असते, अण्णा रात्रीची गाडी चालवायचं टाळतात, हे सगळं त्यांच्या हिशोबात होतं. भंगारवाल्यानं सांगाडा वजनावर नेला. इंजिन, गिअरबॉक्स, कार्बोरेटर मिस्त्रींनी काढून ठेवले आणि पुढची काही वर्षं ते भाग तालुक्यातल्या दुसऱ्या फियाटमध्ये फिरत राहिले.

आता आमच्या आजच्या गाडीकडे येतो. तिचं कौतुक मला मनापासून करायचं आहे, कारण जुन्या आठवणीत रमताना आपण नव्या वस्तूंवर अन्याय करतो. या गाडीनं पंधरा वर्षांत कार्लेखिंडीत एकदाही बॉनेट उघडायला लावलं नाही. डिक्कीत पाण्याचा कॅन नाही, प्लग पाना कुठे असतो ते माझ्या मुलीला माहीत नाही. या पिढीच्या गाड्यांचा पत्राही अधिक टिकतो. रंग देण्याआधी सगळी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या मदतीनं प्रत्येक सांध्यात प्रायमर बसवतात, आणि अनेक भागांना जस्ताचा मुलामा असतो. मीठ आधी जस्ताला खातं, लोखंडाची पाळी नंतर येते. फियाट दरवर्षी कापावी लागायची. ही पहिली दहा वर्षं कापावी लागलीच नाही.

मग ३ जून २०२० आलं. निसर्ग चक्रीवादळात आमच्या दारातल्या आंब्याची फांदी टपावर पडली. टप सरळ करून घेतला, काच बदलली. पण त्या दिवशी वाऱ्याबरोबर गावात उडालेलं खारं पाणी गाडीच्या कुठल्या कुठल्या फटीत गेलं ते कुणी बघितलं नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यांत मागच्या चटईखाली ओल राहू लागली. भर पडली महामार्गाला मिळणाऱ्या वडखळच्या रस्त्यातल्या खड्ड्यांची, आणि २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गाची. बुश गेले, शॉकअप गेले, स्टिअरिंगचे जॉइंट वाजू लागले.

दुरुस्तीचा अंदाज घ्यायला गाडी एका सर्व्हिस सेंटरला नेली. जागा स्वच्छ, माणसं नम्र. इंजिनवरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली कुणी हात घातला नाही. वायर जोडून पडद्यावर कोड वाचले. ते योग्यच. आजच्या इंजिनात काय बिघडलं ते कानापेक्षा यंत्राला लवकर कळतं. पण तासाभरानं हातात जो कागद आला त्यात दोन पानभर सुटे भाग होते, लाखाच्या वर बेरीज होती, आणि मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी विचारलं होतं, "एवढं केल्यावर ही गाडी मुलीला घेऊन महामार्गावर न्यावी का?" त्या तरुण मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, ते आम्ही सांगू शकत नाही. तुम्ही ठरवा." त्याची चूक नाही. त्यानं मला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि अशा प्रश्नाला कागदावर रकाना नसतो.

पूर्वी आमच्याकडे पर्याय नव्हता, पण सांगणारा होता. आता पर्याय भरपूर आहेत आणि सांगणारा मिळत नाही, हे मला फार मोठं नुकसान वाटतं. निर्णय आता आकड्यांवर आणि तारखांवर होतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाटचं तसंच झालं. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली, टॅक्सीची मर्यादा वीस वर्षांची. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून गेली. त्यातल्या कुणाचा पत्रा अजून टणकन वाजत होता, ते पाहण्याचं कारणच नव्हतं. लाखो गाड्यांच्या शहराला तारीख लावावी लागते, हे मला समजतं. तरी त्या बातमीनं मला खूप वाईट वाटलं.

खाजगी गाडीला आपल्या राज्यात सुदैवानं तशी सक्तीची तारीख नाही. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले. इथे गाडी तपासणीत पास झाली तर पाच वर्षं वाढवून मिळतात. फॉर्म २५ भरायचा, गाडी पेणला न्यायची. पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून थेट पाच हजार झालं, वर पर्यावरण कर. वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला तर ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. मोडीत काढली तर अधिकृत केंद्राकडून प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सवलत. सरकारचा कल कुठे आहे ते या आकड्यांवरून कळतंच, आणि जुन्या गाड्यांचा धूर लक्षात घेता तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

मुलीचा मुद्दा मात्र आकड्यांचा नव्हता. ती म्हणाली, "बाबा, यात एकही एअरबॅग नाही. एबीएस नाही. नव्या गाडीत हे कायद्यानंच असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांच्या गाडीत आम्ही मागे पाचजण दाटीवाटीनं बसायचो त्याच्या गमती मी तिला सांगतो. पण वडखळच्या पुढे ट्रेलरच्या रांगेत ती गाडी काय वाचवणार होती, हा विचार आज केला तर छातीत धस्स होतं. जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यानं एकदा त्या महामार्गावरून रात्री जावं.

शेवटी मी चेंढऱ्याला गेलो. मिस्त्री आता थकले आहेत, शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. काम त्यांचा मुलगा बघतो. त्याच्याकडे कोड वाचायचं यंत्र आहे आणि लिफ्टही आहे, खड्डा बुजवला आहे. गाडी वर चढली. मुलानं यंत्र लावायच्या आधी मागची चटई उचलली आणि स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला. मी काही सांगितलं नव्हतं.

मागच्या फ्लोअरचा एक तुकडा बद्द वाजला, उजव्या चाकाची कमान कुजली होती. खालचे आडवे-उभे मेंबर त्यानं दोनदा ठोकून पाहिले; ते शाबूत निघाले. इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट बदलून घ्या म्हणाला, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. बुश, जॉइंट, दोन टायर. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास. मग मी तोच प्रश्न विचारला. त्यानं वडिलांकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "कुठं कुठं न्यायची ते सांगा आधी."

मला सर्व्हिस सेंटरला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि घरातल्या चर्चेत आमच्याही लक्षात आला नव्हता. आम्ही गाडीचं वय मोजत होतो, तिचं काम मोजत नव्हतो. अण्णांच्या फियाटला सगळंच करावं लागे, कोर्ट, जत्रा, माणगाव, मुंबई. आज मी मुंबईला गाडी घेऊन जातच नाही. मार्च २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो बोट आहे. वीसेक किलोमीटर मांडव्यापर्यंत जायचं, गाडी तिथं ठेवायची, तासाभरात मुंबई. उरतं ते नागाव, चौल, रेवदंडा, थळ, बाजार, डॉक्टर. चाळीसच्या वेगाचे रस्ते. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गावातल्या गावात पाच वर्षं आरामात. पेणचं पासिंग सोडलं तर वडखळच्या पुढं नेऊ नका."

तर ठरलं आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आधी वेल्डिंग आणि अंडरकोटिंग, मग नळ्या आणि बुश, आणि डिसेंबरच्या आत पासिंग. नव्या गाडीसाठी जो हप्ता काढायची तयारी केली होती तो दरमहा बाजूला टाकायचा. मुलगी पुढच्या वर्षी नोकरीसाठी पनवेलला गेली तर तिला रोज महामार्ग आहे, तिच्यासाठी एअरबॅगवाली नवी घ्यायची. आणि जुन्या गाडीच्या किल्लीला तिनं आत्ताच चिठ्ठी बांधून ठेवली आहे: "वडखळच्या पुढे नाही."